रागाचे दोन अर्थ : 'जुजुत्सु काइसेन' वाचताना



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सीमाभागातली मराठी असे विषय ऐकले आहेत. आज पासष्टीतला एक होमिओपॅथ जपानी चित्रकथेवर बोलणार म्हटल्यावर काही ओठांवर हसू आले आहे, ते मला इथून दिसते. माझीही सुरुवात तशीच झाली होती.

दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली. चौदा वर्षांचा नातू बेंगळुरूहून आला, पण कोणाशी बोलेना. कोपऱ्यात बसून एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत राहिला. सून वैतागली, "घरात सुतक आणि याच्या हातात भुतंखेतं!" मी म्हटले, पेशंटचे ऐकून घेतल्याशिवाय मी पुडी देत नाही, तसे वाचल्याशिवाय पुस्तक काढून घेणार नाही. मी ते डावीकडून उघडले. नातू म्हणाला, "आजोबा, उजवीकडून." त्या आठवड्यातले त्याचे ते पहिले वाक्य.

पुस्तकाचे नाव 'जुजुत्सु काइसेन', म्हणजे ढोबळमानाने शापविद्येची लढाई. लेखक-चित्रकार गेगे अकुतामी या टोपणनावाने लिहितात. 'शोनेन जंप' या साप्ताहिकात मार्च २०१८ ते सप्टेंबर २०२४ या काळात २७१ प्रकरणे छापून आली, त्यांचे ३० खंड झाले. मी ते इंग्रजीतून वाचले. आपल्यातल्या अनेकांनी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून रात्री दिवा चालू ठेवलेला आहे, त्यामुळे हा प्रांत आपल्याला अगदीच परका नाही.

कथा थोडक्यात अशी. सेंदाई शहरातला युजी इतादोरी हा शाळकरी मुलगा मित्रांना वाचवण्यासाठी एका राक्षसाचे कापलेले बोट गिळतो. राक्षसाचे नाव सुकुना, त्याची बोटे वीस. आता तो युजीच्या देहात राहू लागतो. ठरते असे, की युजीने उरलेली बोटे शोधून गिळायची आणि मग सुकुनासकट मरायचे. हा सुकुना लेखकाने हवेतून आणलेला नाही. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या जपानी इतिवृत्तात दोन तोंडांचा, चार हातांचा सुकुना येतो. राजदरबाराच्या लेखी तो बंडखोर, पण हिदा प्रांतातल्या लोकांच्या लेखी वीरपुरुष.

आता गुण सांगतो. आम्ही होमिओपॅथ केस घेताना विचारतो : भीती कशाची वाटते? स्वप्ने कसली पडतात? कोणाचा राग गिळून टाकला आहे का? या कथेचा पायाच तो आहे. माणसांच्या मनातली भीती, मत्सर, पश्चात्ताप बाहेर झिरपतात, साचतात आणि त्यांतून 'शाप' नावाचे प्राणी जन्मतात. ते सर्वांत जास्त कुठे साठतात? शाळांत आणि इस्पितळांत. चाळीस वर्षे दवाखान्यात बसलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही.

यातला सर्वांत भयंकर शाप महितो. माणसांना माणसांविषयी वाटणाऱ्या द्वेषातून तो जन्मला आहे. शाळेत छळ सोसणाऱ्या जुनपेई नावाच्या मुलाशी तो गोड बोलून मैत्री करतो. युजीही त्या मुलाशी मैत्री करतो, त्याच्या घरी जेवतो, त्याच्या आईबरोबर हसतो. त्याच रात्री आई मरते. पुढे महितो जुनपेईला नुसता हात लावतो आणि त्याचे रूप विद्रूप करून टाकतो. युजी आपल्या देहातल्या सुकुनाला विनवतो, याला बरे कर. तेव्हा दोघेही राक्षस हसतात. एकटे पडलेले पोर आधी कोणाच्या हाती लागते, हे इतक्या थोड्या पानांत मी क्वचितच वाचले आहे.

पण मला हलवून सोडले ते दुसऱ्याच गोष्टीने. बोलीत आपण राग म्हणजे संताप समजतो. आम्हा जैनांच्या शास्त्रात राग म्हणजे आसक्ती, आणि राग व द्वेष ही बंधाची जोडगोळी. अकुतामींना हे दोन्ही अर्थ कळले आहेत. या कथेचा एक शून्यावा खंड आहे. त्यात युता नावाच्या मुलाला त्याच्या मेलेल्या बालमैत्रिणीच्या भुताने झपाटलेले असते. शेवटी उलगडते ते उलटेच : मुलीने त्याला धरलेले नाही, तिचे मरण न स्वीकारता त्यानेच तिला बांधून ठेवले होते. ज्याच्या कपाटात पत्नीच्या साड्या अजून घडी घालून ठेवलेल्या आहेत, त्याने हे वाचून पुस्तक थोडा वेळ मिटले.

एक गंमतही सांगतो. या कथेत महोरग नावाचा एक योद्धा येतो. तत्त्वार्थसूत्रात व्यंतर देवांचे आठ प्रकार आहेत, त्यांत महोरग आहे. बौद्धांबरोबर हे नाव जपानला पोचले आणि तिथे 'माकोरा' झाले. कथेतल्या महोरगाच्या डोक्यावर एक चक्र आहे. त्याच्यावर वार झाला की ते फिरते आणि पुढच्या वेळी तोच वार चालत नाही. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकला जंतू कसे सरावतात, हे पेशंटला समजावताना मला आता तेच चक्र आठवते.

आता दोष. शिबुया स्टेशनावरच्या भीषण रात्रीपर्यंत कथा घट्ट आहे. त्यानंतर एक जीवघेणा खेळ सुरू होतो. त्याचे नियम, गुण, पोटनियम. दोन योद्धे लढतात आणि तिसरा समजावून सांगतो. माझी अवस्था आयकर विवरणपत्र भरताना होते तशी झाली.

दुसरा दोष स्त्रीपात्रांचा. नोबारा ही ठसकेबाज मुलगी पहिल्या तिघांतली एक. १२५व्या प्रकरणात ती पडते आणि जिवंत आहे की नाही हे न सांगता थेट २६७व्या प्रकरणात परत येते.

तिसरा दोष डॉक्टर म्हणून मला फार खुपला. इथे माणसे मरतात, पण शोक करायला कोणाला फुरसत नाही. गोजो हा सर्वांचा लाडका गुरू २३६व्या प्रकरणात मरतो. शिष्यांना रडायला जागा मिळत नाही. पुढे एक शिष्य त्याचाच देह वापरून लढतो. न रडलेले दुःख शाप होते, हा ज्या पुस्तकाचा सिद्धान्त, त्यानेच ते विसरावे?

चौथा मुद्दा व्रताचा. या कथेत काहीतरी सोडले की बळ वाढते. वाचताना मला आधी आनंद झाला, मग लक्षात आले, हा त्याग नाही, सौदा आहे. फळाची इच्छा धरून केलेल्या व्रताला आमच्याकडे निदान म्हणतात आणि ते शल्य मानतात. वैद्यकात निदान म्हणजे रोग ओळखणे. माझे मत या एका शब्दात मावते : या पुस्तकाचे वैद्यकी निदान उत्तम, पण उपचारात शास्त्रातले निदान शिरले आहे. द्वेषातून जन्मलेल्यावर औषध काय, तर आणखी जोराचा ठोसा. शेवटी युजी सुकुनाला आपल्या गावच्या आठवणी दाखवतो, दया देऊ करतो, हरल्यावरही माझ्यात राहा म्हणतो. खरा उपचार तोच. पण तो अखेरच्या दोनचार प्रकरणांत, घाईत उरकला आहे.

मुलांच्या हाती द्यावे का? दहा वर्षांच्या मुलाला मुळीच नाही. देहांची चिरफाड अंगावर येते. चौदाव्या वर्षी द्यावे, पण घरातल्या कोणीतरी बरोबर वाचावे.

कारण शेवटी सांगतो. नातू वाचत होता ते पान पहिल्याच प्रकरणातले होते. इस्पितळात युजीचे चिडके आजोबा त्याला सांगतात : तू बळकट आहेस, लोकांना मदत कर, माणसांच्या गराड्यात मर, माझ्यासारखा नको. मग कूस बदलतात आणि जातात. हे शेवटचे शब्द युजी जन्मभर ओझ्यासारखे वाहतो. पुढे नानामी हा सज्जन माणूसही मरताना कचरतो, की आपण काही बोललो तर या पोराला तो शापच होईल. आणि तरी बोलतो.

मी नातवाला विचारले, "आज्जी तुला फोनवर काय म्हणाली होती?" खूप वेळाने तो म्हणाला, "आजोबांना एकटं सोडू नकोस, म्हणाली. पण माझी शाळा तिकडे आहे."

चौदा वर्षांचे पोर ते वाक्य आठ दिवस छातीवर घेऊन बसले होते. मी त्याला म्हटले, "ती मायेपोटी बोलली, बाळा. तू सुट्टीत ये, रविवारी फोन कर, तेवढ्यात तिचं बोलणं पाळलं जाईल. बाकीचं मी तुला माफ केलं." तेव्हा तो रडला, आणि मीही.

तेवढ्यासाठी मी या पुस्तकाचे सगळे दोष पोटात घालायला तयार आहे. आपल्या घरात कोणी पोर कोपऱ्यात बसून असे काही वाचत असेल, तर पुस्तक ओढून घेऊ नका. शेजारी बसा आणि उजवीकडून सुरुवात करा.

जय जिनेंद्र.