ल्यूपस, मेद आणि मजूर स्त्री

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक बुलढाणा जिल्ह्यात दाखल झाले. ते योग्यच होते. परंतु एखाद्या गावात एकट्याच तरुण स्त्रीचे केस गळतात, सांधे सुजतात, उन्हाने गालांवर लाल चट्टे उठतात, तेव्हा कोणतेही पथक येत नाही. तिचा रोग ल्यूपस असू शकतो.

या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. यात मेदाच्या चयापचयाचाही वाटा आहे, हे आता स्पष्ट होत आहे. प्रतिकार करणाऱ्या टी-पेशींच्या आवरणातील मेदांचा समतोल बिघडतो आणि त्या अल्पशा चिथावणीनेही खवळतात. एरवी रक्तवाहिन्यांचे रक्षण करणारे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल अनेक रुग्णांत दाहाला आवर घालण्याऐवजी खतपाणीच घालते. स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने मेद आणखी वाढतो. परिणाम भयंकर आहे. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्यूपसग्रस्त स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्क स्त्रियांच्या ५० पटींहून अधिक आढळला.

तेव्हा ताप उतरला, सांधे मोकळे झाले, एवढ्याने उपचार पुरा होत नाही. रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील मेद यांची नियमित तपासणी व्हावयास हवी. मुळात हिवतापासाठी वापरले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध रोगाचा उद्रेक रोखते आणि मेदाचे प्रमाणही सुधारते. ते महागडे नाही. पण ते वैद्यकीय देखरेखीखाली, डोळ्यांची तपासणी करीत, खंड न पडता मिळाले पाहिजे.

डॉक्टर सांगतात, ऊन टाळा. कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या स्त्रीने ते टाळावे कसे? ऊन टाळले तर मजुरी बुडते. म्हणून औषधाइतकाच सावलीतल्या रोजगाराचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

बुलढाण्यात २०२४-२५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस बाह्यरुग्ण तपासणी, आणि तालुक्याच्या रुग्णालयात तपासण्या व औषध, एवढी मागणी अवास्तव नाही. गावभर केस गळले की शासन धावते. एकटीचे गळले तरी धावले पाहिजे, हा आग्रह कार्यकर्त्यांनी धरावयाचा आहे.