धडधाकट यंत्राची सेवानिवृत्ति

ठराविक वय झालें कीं शिक्षकास सेवानिवृत्त व्हावें लागतें, मग त्याची प्रकृति कितीहि धडधाकट असो. आतां हाच न्याय आपल्या खिशांतील फोनालाहि लागूं झाला आहे. मीं २०१७ सालीं घेतलेला फोन अद्यापि उत्तम चालतो. बोलणें स्पष्ट ऐकूं येतें, बॅटरीहि दिवसभर पुरते. परंतु माझ्या बँकेच्या अ‍ॅपानें मध्यंतरीं कळविलें कीं, या उपकरणावर ही सेवा यापुढें मिळणार नाहीं. खात्यांत पैसे होते, फोन हातांत होता. दोहोंमधील वाट मात्र बंद झाली. देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गांवीं निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला नवा फोन म्हणजे महिन्याच्या हिशेबांत पडलेलें मोठें भगदाड. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

प्रथम बँकेची बाजू पाहूं. मोबाइलवरून पैसे देतांना आपली ओळख दोन खुणांनीं पटवावी लागते. एक खूण म्हणजे आपल्यालाच ठाऊक असलेला गुप्त अंक. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष फोन, जो आपल्या सिमशीं बांधलेला असतो. अर्थात् फोन हा आतां तिजोरीची किल्लीच झाला आहे. या फोनाच्या अंतरंगांत जी मूळ प्रणाली असते, बहुतेकांच्या फोनांत ती अँड्रॉइड, तिच्यांत चोरांस शिरतां येईल अशा फटी वेळोवेळीं सांपडतात. गूगल त्या बुजविण्याची डागडुजी नियमितपणें प्रसिद्ध करतें. पण ती आपल्या फोनापर्यंत पोंचविणें हें फोन बनविणाऱ्या कंपनीचें काम. स्वस्त फोनांच्या बाबतींत कंपनी पुष्कळदां दोन-तीन वर्षांनीं हात आंखडता घेते. मग वाडा समोरून शाबूत दिसावा आणि मागची भिंत खचलेली असावी, तशी त्या फोनाची गत होते. अशा वाड्यांतून तिजोरीकडे जाण्यास बँकेनें मज्जाव केला, तर तिला सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं.

सुरक्षितता हवी हें कबूल. परंतु तिचें मोल कोणीं द्यावें? डागडुजी थांबविते कंपनी, दार लावते बँक, आणि भुर्दंड बसतो ग्राहकाला. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. फोनाच्या खोक्यावर मात्र कॅमेऱ्याचें वर्णन ठळक अक्षरांत, आणि डागडुजी कोणत्या सालापर्यंत मिळेल हें क्वचितच. युरोपीय संघानें या बाबतींत नियम केला आहे. २० जून २०२५ पासून तेथें एखाद्या फोनाची विक्री थांबल्यावरहि किमान पांच वर्षें त्याची प्रणाली अद्ययावत करण्याची सोय आणि सात वर्षें महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्र सरकारनें २४ डिसेंबर २०२२ रोजीं ‘दुरुस्तीच्या हक्का’चें संकेतस्थळ सुरू केलें. ही सुरवात चांगली. खोक्यावर डागडुजीची मुदत छापण्याची सक्ति व्हावी, ही पुढची मागणी आपण ग्राहकांनीं लावून धरली पाहिजे.

तोंवर घाईनें दोन गोष्टी करूं नयेत. ‘जुन्या फोनावर चालणारें अ‍ॅप’ म्हणून कोणीं भलतीकडून आणून दिलें, तर तें घेऊं नये. तसेंच शेजारच्या होतकरू मुलाच्या फोनावर आपलें खातें उघडून गुप्त अंक त्याच्या स्वाधीन करूं नये. मुलगा गुणी असेल. पण म्हातारपणीं आपल्या पैशाची किल्ली दुसऱ्याकडे गेली, कीं औषधाची बाटली आणावयासहि त्याची सवड पाहावी लागते. ही पराधीनता पैशाच्या नुकसानीहून जड असते.

इतर वाटा अगदींच बंद नाहींत. मार्च २०२२ मध्यें ‘यूपीआय १२३ पे’ ही सोय साध्या बटनांच्या फोनांसाठीं सुरू झाली. आपल्या बँकेंत ती कशी मिळते, हें शाखेंत विचारून घ्यावें. रिझर्व्ह बँकेनें ९ नोव्हेंबर २०१७ रोजीं बँकांना सूचना दिल्या, त्यांत ज्येष्ठ नागरिकांना खिडकीवर अग्रक्रम देणें, हयातीचा दाखला बँकेच्या कोणत्याहि शाखेंत स्वीकारणें आणि सत्तरी ओलांडलेल्यांना रोख रक्कम घरपोंच देण्यासारख्या सोयी करण्याचा प्रयत्न करणें, यांचा समावेश होता. या सोयींची शाखेंत मागणी करण्यास संकोच बाळगूं नये.

बँकांनाहि एक विनंति. एखादा फोन बाद ठरवावयाचा असेल, तर सहा महिने आधीं, सोप्या मराठींत, लेखी कळवावें. कोणत्या शाखेंत, कोणत्या खिडकीवर काम होईल, हेंहि त्याच पत्रांत लिहावें. तेवढ्या अवधींत निवृत्त माणूस महिन्याकांठीं थोडे पैसे बाजूला टाकील, आणि नवा फोन घ्यावा कीं पासबुक घेऊन शाखेंत जावें, हें स्वतःच ठरवील.