परमुलखातला शिकारी आणि काळ्या शेपटीचे हरीण



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा हा गृहस्थ बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलणार अशी त्यांची खात्री होती. मी हरणाच्या शिकारीचे नाव काढताच ते जरा दचकले. द्वारसभांत तीस वर्षे घसा कोरडा केलेल्या माणसाचा आणि शिकारीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो रजेचा, पगाराचा व जमिनीच्या मालकीचा आहे. तेवढाच मी आज सांगणार आहे. मी स्वतः कधी बंदूक धरलेली नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

आपल्याकडे शिकार म्हटली म्हणजे डोळ्यांपुढे संस्थानिक उभा राहतो. मचाण त्याचे, बंदूक त्याची, छायाचित्रही त्याचेच. आणि हाका घालण्यासाठी रानाकाठच्या गावांतून वेठीला धरून आणलेली माणसे त्या छायाचित्रात कोठे दिसत नाहीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते दार बंद झाले. ते बंद झाले हेच योग्य झाले. ते पुन्हा उघडा असे सांगण्यास मी येथे उभा नाही. मी सांगतो आहे ती गोष्ट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची आहे. तेथे हाकारे नाहीत, मचाण नाही, आणि शिकारी हा पुष्कळदा आठवड्याच्या पगारावर जगणारा माणूस असतो.

२०२४ च्या शरदात मी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी भाच्याकडे राहावयास गेलो होतो. त्याच्या कारखान्यात एक वेल्डर आहे. त्याचे घर कोलंबिया नदीच्या पलीकडे व्हँकुव्हर नावाच्या गावी. हे कॅनडातले व्हँकुव्हर नव्हे. हे वॉशिंग्टन राज्यातले. रोज सकाळी पूल ओलांडून तो ऑरेगनमध्ये येतो आणि संध्याकाळी परत जातो. पगार ऑरेगनमध्ये मिळतो म्हणून त्यावरील प्राप्तिकरही ऑरेगन राज्यच घेते. वॉशिंग्टन राज्यात पगारावर असा कर नाही. बाप किनाऱ्याच्या डोंगरांतल्या लाकडाच्या गिरणीत कामाला होता, त्यामुळे ऑरेगनचे ते रान त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचे. आणि तरीही हरणाच्या बाबतीत तो परराज्यातला!

हे परकेपण रुपयांत, म्हणजे डॉलरांत, मोजता येते. २०२४ च्या हंगामात ऑरेगनच्या रहिवाशाला शिकारीचा परवाना आणि हरणाचा टॅग मिळून साठ-पासष्ट डॉलर पडत होते. परराज्यातल्याला त्याच दोन कागदांचे सहाशेच्या वर. जवळजवळ दहापट.

आता तुम्ही म्हणाल, हा तर सरळ अन्याय. मीही तसेच म्हणालो. पण मग त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वाचले आणि मला थोडे थांबावे लागले. पहिला १९४८ चा. साऊथ कॅरोलायना राज्याने किनाऱ्यावर कोळंबी धरणाऱ्या स्थानिक बोटीला २५ डॉलर आणि बाहेरच्या बोटीला २,५०० डॉलर परवाना-फी लावली होती. न्यायालयाने ती रद्द केली. दुसरा १९७८ चा. माँटाना राज्यात एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला रहिवाशास ९ डॉलर लागत आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घेणे भाग पडे. ही तफावत न्यायालयाने चालू दिली. कारण काय? तर कोळंबी हा बोटीवाल्याचा पोटाचा धंदा आहे, आणि एल्कची शिकार ही हौस आहे. दुसऱ्या राज्यात जाऊन पोट भरण्याचा हक्क सर्व नागरिकांना सारखा, हौसेचा नाही. भाकरी आणि करमणूक यांत केलेला हा भेद मला मान्य आहे. परप्रांतीय या शब्दावरून आपल्याकडे जी रणे माजतात, त्यांत हा भेद कोणी करीत नाही, याचे मला वाईट वाटते.

पण त्या वेल्डरचे काय? तो भाकरी ऑरेगनमध्ये कमावतो, कर ऑरेगनला भरतो, आणि फीच्या खिडकीपाशी त्याला विचारतात ते इतकेच की तू झोपतोस कोठे. बांद्या-सावंतवाडीहून रोज गोव्यात कामाला जाणाऱ्या आपल्या पोरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. गंमत अशी की त्याची स्वतःची तक्रार नव्हती. “हरीण त्यांचे आहे,” एवढेच तो म्हणाला. त्यांचे म्हणजे ऑरेगनच्या लोकांचे. तेथील कायदा असा की रानातला प्राणी ज्याच्या जमिनीवर चरतो त्याचा नसतो. तो राज्याचा, म्हणजे सर्वांचा. जमीनदार तुम्हाला आपल्या जमिनीत पाय ठेवू देणार नाही, पण हरणाला माझे म्हणण्याचा अधिकार त्यालाही नाही.

तेव्हा पैसे भरले; पुढे काय? पुढचा प्रश्न रजेचा. अमेरिकेत कामगाराला पगारी सुटी दिलीच पाहिजे असा संघराज्याचा कायदा नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा दिली होती. तेवढेही तेथे नाही. या माणसाला दहा दिवस मिळत होते, ते युनियनच्या करारामुळे. पैसेवाला शिकारी हजारो डॉलर देऊन वाटाड्या घेतो. वाटाड्याने हरणे आधीच हेरून ठेवलेली असतात, म्हणजे तो दुसऱ्याचे दिवस विकत घेतो. ज्याला ते परवडत नाही, त्याने आपले दहा दिवस कोठे टाकायचे यावरच सारी योजना उभी राहते.

पश्चिम ऑरेगनमध्ये बंदुकीचा सर्वसाधारण हंगाम ऑक्टोबरभर चालून नोव्हेंबरच्या आरंभी संपतो. या टॅगला सोडत नाही, दुकानातून मिळतो. मात्र हंगाम उघडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत घेतला पाहिजे. नवखा माणूस उत्साहाने पहिल्याच आठवड्यात जातो. तेव्हा पाने झाडावर असतात, जमीन कोरडी असते, पावलाखाली प्रत्येक काडी वाजते. वेल्डर शेवटचे दिवस धरतो. तोवर पाऊस लागलेला असतो, पाने गळलेली असतात, आणि माजाचा काळ नोव्हेंबरात येत असल्यामुळे एरवी दिवसा तोंड न दाखवणारा नर माद्यांच्या मागे हिंडू लागतो. सर्वसाधारण टॅगवर नरच मारावयाचा असतो, हे येथे लक्षात घ्यावे.

हे हरीण आपल्या सांबर-चितळांच्या कुळातले. शिंगे दरवर्षी गळतात व पुन्हा येतात. शेपटी वरून काळी, त्यावरून त्याचे नाव ब्लॅकटेल. ते भारी लपे. फार दूर जात नाही, थोड्याशा टापूतच दाट झुडपांत वर्ष काढते. म्हणून एकदा सापडलेली जागा पुन्हा उपयोगी पडते. त्याला चारा हवा आणि चाऱ्याला ऊन हवे. देवदारासारख्या उंच डग्लस फरच्या गर्द रानात खाली काही उगवत नाही. लाकूडतोड झाली की ऊन जमिनीवर पडते, काटेरी बेरी आणि झुडपे माजतात, आणि दोन-चार वर्षांत हरणे येतात. दहा-पंधरा वर्षांनी नवी झाडे छत धरतात आणि हरणे जातात. म्हणून शिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, की येथले लाकूड कोणत्या साली तोडले? १९९० साली ठिपक्यांच्या घुबडाला संरक्षण मिळाले, १९९४ मध्ये सरकारी रानांची नवी योजना आली आणि तेथली तोड फार घटली. गिरण्या बंद पडल्या त्या कहाणीत घुबडाइतकाच यंत्रांचाही वाटा होता. पण तो विषय निराळ्या व्याख्यानाचा आहे.

आता जमीन. वेल्डरने आपला नकाशा स्वयंपाकघरातल्या मेजावर पसरला, तेव्हा मला तो बुद्धिबळाचा पटच वाटला. १८६० च्या दशकात सरकारने रेल्वे कंपनीला लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना एक सोडून एक असे मैल-मैलाचे चौकोन दिले. अट अशी की ते वसाहतवाल्यांना १६० एकरांच्या आत आणि एकरी अडीच डॉलरांच्या आत विकावे. कंपनीने अट मोडली. १९१६ साली काँग्रेसने न विकलेली जमीन परत घेतली. ती वीस लाख एकरांहून अधिक होती. ते सार्वजनिक चौकोन आजही आहेत, आणि त्यांच्या मधले पुष्कळ चौकोन लाकूड कंपन्यांचे. त्यांतल्या काही कंपन्या शिकाऱ्याला फुकट येऊ देतात, काही वर्षाचा पास विकतात, काही वणव्याच्या भीतीने फाटक लावून घेतात. म्हणून तो सप्टेंबरातच प्रत्येक कंपनीला फोन करतो. सार्वजनिक चौकोनात आडवा दांडा लावलेला जुना रस्ता सापडला तर त्याला आनंद होतो. दांडा मोटारींना असतो, पायांना नसतो. आणि दोन मैल चालायची तयारी असणारे थोडे.

दोन सरकारी चौकोन नुसत्या कोपऱ्याला कोपरा लावून असले तर? त्या बिंदूवरून पाय टाकला तर खाजगी हवेत अतिक्रमण होते काय? हसू नका. २०२१ साली वायोमिंग राज्यात मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी असा कोपरा शिडीवरून ओलांडला. त्यांच्यावर फौजदारी झाली, ज्यूरीने सोडले. मग जमीनमालकाने लाखो डॉलरांचा दावा लावला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने त्या चौघांच्या बाजूने निकाल दिला. परंतु त्या न्यायालयाचा अंमल ऑरेगनवर नाही. वेल्डर कोपरे ओलांडीत नाही. त्याचे म्हणणे असे की वकिलाची फी ही वाटाड्याच्या फीपेक्षा महाग पडते.

एका पहाटे मी त्याच्याबरोबर बसलो. तोडलेल्या उताराच्या माथ्यावर, वारा तोंडावर घेऊन, पावसात. अडीच तास दुर्बिणीतून तेच ते खुंट पाहिले. एक मादी दिसली, कान हलले, आणि ती होती तेथेच नाहीशी झाली.

आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, त्याला नर मिळाला होता. तो त्याने रानातच सोलला, हाडे काढली, आणि दोन खेपांत पाठीवरून आणला. वीसेक किलो मांस. फीच्या हिशेबाने किलोला तीस डॉलर पडले, दुकानात याहून स्वस्त मिळाले असते. खाण्याजोगे मांस रानात टाकणे गुन्हा आहे. शिवाय १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम आढळलेला हरणांना खंगवून मारणारा रोग पसरू नये म्हणून अनेक राज्ये बाहेरच्या हरणाचे डोके आणि पाठीचा कणा सीमेच्या आत येऊ देत नाहीत. तेव्हा घरी परतताना वाटेतल्या आणि घरच्या अशा दोन्ही राज्यांचे नियम परराज्यातल्या शिकाऱ्याने निघण्यापूर्वीच वाचून ठेवावे लागतात.

२०२४ ला मात्र काही मिळाले नाही. तरी जानेवारीअखेर राज्याला अहवाल द्यावाच लागतो. टॅग घेऊन घरी बसलेल्यालासुद्धा. किती दिवस हिंडलात, काय मिळाले, हे कळवावयाचे. पुढच्या हंगामाचे आकडे यांतूनच बांधतात, म्हणून रिकाम्या हाताने आलेल्याची नोंदही खात्याला हवी असते. त्याने लिहिले : दिवस आठ, हरीण शून्य. त्याच सुमारास कारखान्यात वर्षाच्या रजा ज्येष्ठतेच्या क्रमाने मागावयाच्या होत्या. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा त्याला मिळाला, असे भाच्याने कळविले.