सड्यावरील घर आणि विजेचे अर्थिंग
(भाषणाचा मजकूर)



गोव्यात पूर्वी गुरांच्या चराईस सोडलेल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर आज घरे उभी राहत आहेत. पाया भक्कम मिळतो, हे खरे. तथापि पायाला जे उपकारक, तेच अर्थिंगला बाधक ठरते.

पंपाच्या वा धुलाई यंत्राच्या पत्र्याला आतील जिवंत तारेचा स्पर्श झाला, तर ती वीज तारेवाटे जमिनीत उतरावी आणि प्रवाह एवढा मोठा व्हावा की फ्यूज तत्काळ वितळावा, हा अर्थिंगचा हेतू. ओलसर चिकणमातीत अडीच मीटर लांबीची नळी पुरली, तर रोध १० ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला सुमारे २३ अँपिअर प्रवाह वाहतो आणि ५ अँपिअरचा फ्यूज टिकत नाही. तीच नळी कोरड्या कातळात बसविली, तर रोध ३०० ओहमांपर्यंत जाऊ शकतो. प्रवाह उरतो पाऊण अँपिअर. फ्यूज शाबूत राहतो, कदाचित पंपही चालू राहतो, आणि ओल्या पायांनी त्याला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. याहून कितीतरी कमी प्रवाह प्राणघातक असतो.

अशा जागी कातळात खड्डा खोदून कोळसा व मीठ भरण्याचा प्रघात आहे. वर झाकण बसले की काम नीटनेटके दिसते. परंतु कातळातील हा खड्डा म्हणजे मातीची कुंडीच. बाहेरचा दगड होता तसाच राहतो. शिवाय सुमारे ३००० मिलिमीटर पावसात मीठ धुपून जाते, आणि असते तोवर लोखंडास खाते.

त्यापेक्षा आडवी पट्टी बरी. जस्ताचा मुलामा दिलेली २५ मिलिमीटर रुंद, ४ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी निदान अर्धा मीटर खोल चरात, निदान १५ मीटर लांब पुरावी. चर उताराकडे, जेथे माती साचते तेथे न्यावा. पट्टीभोवती चिकणमाती वा बेंटोनाइट दाबून भरावे. न्हाणीचे सांडपाणी त्या बाजूस सोडल्यास ओल टिकते. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला तार बांधत. आता पाइप प्लास्टिकचे आहेत, तेव्हा त्यात अर्थ राहिलेला नाही.

एवढे करूनही रोध पुरेसा उतरेलच असे नाही. म्हणून मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आर. सी. सी. बी. हवेच. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत तेवढा फरक पडताच ते वीज तोडते. त्यामुळे ३०० ओहमांच्या अर्थिंगवरही पंपाच्या पत्र्यातील दोष त्यास कळतो. मात्र अर्थिंगची तार काढून टाकण्यास ते निमित्त होऊ नये. तारच नसेल, तर माणसाचा स्पर्श होईपर्यंत गळतीला वाट मिळत नाही, आणि पहिला झटका त्यालाच बसतो. यंत्रावरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी.

वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यावी, तीही मे महिन्यात. सच्छिद्र जांभा पावसाळ्यात ओला असतो, त्या वेळचा आकडा फसवा. मोजलेले ओहम व महिना बोर्डाच्या झाकणाच्या आतील बाजूस लिहून ठेवावा, म्हणजे पुढील वर्षी ताडून पाहता येईल.