फाटक इतके आधी का लागते?

(वसंत व्याख्यानमालेत केनवड येथे झालेले भाषण)



केनवडला जाऊन रेल्वेविषयी बोलायचे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवण्यासारखे आहे, असे इकडे निघताना माझ्या एका स्नेह्याने मला ऐकवले. "त्या गावात रूळ नाही, फाटक नाही, गाडीची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, तिथे तू लोकांना सांगणार काय?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मालेगाव-मेहकर रस्त्यावरचे हे गाव एस.टी.च्या भरवशाचे. आगगाडीत बसायचे तर वाशीम गाठावे, नाही तर अकोला. पण रेल्वेच्या सुरक्षिततेचा प्रचार करीत शाळा, बाजार आणि जत्रा हिंडण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि माझा अनुभव या स्नेह्याच्या तर्काच्या उलट आहे. रुळाकाठी वाढलेल्या पोराला रुळाची भीती नसली तरी ओळख असते. आपल्याकडचा माणूस रुळाला प्रथम भेटतो तो विसाव्या-पंचविसाव्या वर्षी; डोक्यावर बोजा, हाताला लेकरू, गाडी सुटायला दोन मिनिटे आणि स्टेशन परके. अशा वेळी त्याला भिंतीवरची पाटी वाचायला सवड कुठून असणार? जे सांगायचे ते त्याला घरून निघण्यापूर्वी सांगितलेले असले पाहिजे. म्हणून मी केनवडला आलो.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. रेल्वे आपण पाहिली ती हळू चालणारी. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, आणि चालत्या गाडीतून उतरून पुन्हा त्याच गाडीत चढल्याच्या बढाया मी कारंज्यात पुष्कळ ऐकल्या आहेत. शकुंतला पुढे बंद पडली. वाशीमवरून जाणारी अकोला-पूर्णा ही छोटी लाईन २००८ साली मोठी झाली. रूळ बदलले, डबे बदलले, वेग बदलला. माणसाच्या पायाची सवय मात्र छोट्या लाईनीचीच राहिली. त्याला अजून वाटते, गाडी दिसली म्हणजे अजून वेळ आहे.

किती वेळ असतो ते हिशेबाने पाहू. ताशी शंभर किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदाला सुमारे अठ्ठावीस मीटर अंतर कापते. एक किलोमीटरवर ती ठिपक्यासारखी दिसते, आणि छत्तीस सेकंदांत तुमच्यापाशी येते. चालकाने तुम्हाला पाहून त्याच क्षणी ब्रेक लावला तरी ती थांबायला किलोमीटरभर जागा लागते. याला चालकाचा निष्काळजीपणा कारण नाही. पोलादाचे चाक पोलादाच्या रुळावर फिरते, घर्षण अगदी थोडे; याच गुणावर एक इंजिन हजारो टनांचा माल ओढते, आणि याच गुणामुळे ते चटकन थांबू शकत नाही. बैलगाडीवाला कासरा ओढून बैल बाजूला घेतो. रेल्वेच्या चालकापाशी कासरा नाही. त्याच्यापाशी शिट्टी आणि ब्रेक एवढेच आहे. पुढचे सारे त्याला नुसते पाहत बसावे लागते.

आता आमच्या धंद्याची कबुली देतो. सुरुवातीला मी शाळांतून जात असे आणि कलमे वाचून दाखवीत असे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम, रुळावर विनापरवाना गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, वगैरे. मुले शांत बसत. मास्तर पाठीमागे हजेरी पूर्ण करून घेत. एकदा एका मुलाने उठून विचारले, "साहेब, गाडी येत नाही, दिसत नाही, तरी गेटमन फाटक इतकं आधी का लावतो?" माझ्यापाशी कलम होते, उत्तर नव्हते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

उत्तर मी नंतर एका गेटमनकडूनच शिकलो. त्याच्या कोठडीत दोन तास बसलो, तेव्हा कळले. जिथे फाटक सिग्नलशी जोडलेले असते तिथे फाटक लावून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल हिरवा होतच नाही. गाडी वेगात यायची तर चालकाला तो हिरवा दिवा पुष्कळ लांबून दिसला पाहिजे. म्हणून गाडी काही किलोमीटर दूर असतानाच फाटक लावावे लागते. आणि एकदा लावले की तुम्ही कितीही हॉर्न वाजवा, गेटमनला शिव्या द्या, ट्रॅक्टर दांडीला लावून उभा करा, सिग्नल पुन्हा लाल केल्याशिवाय त्याला ते उघडता येत नाही. आपण ज्याला अडेलतट्टू म्हणतो तो बिचारा स्वतःच त्या कुलपाने बांधलेला असतो. ही गोष्ट मी कलमांच्या जागी सांगू लागलो, आणि मास्तरांनीही हजेरी बाजूला ठेवली. फाटकाच्या अलीकडे रुळालगत पिवळी पाटी असते, तिच्यावर 'सी/फा' लिहिलेले असते. तो कशाचा संक्षेप, हे मी मुलांना कोडे म्हणून घालतो. सीटी आणि फाटक. तिथून चालकाने शिट्टी वाजवायची असते.

पण माहिती असूनही माणूस फसतो, याचे काय? मुंबईत वडाळ्याला २०१० च्या सुमारास एक प्रयोग झाला. 'फायनल माइल' नावाच्या संस्थेने मध्य रेल्वेच्या साहाय्याने, लोक रूळ ओलांडत तिथे उभे राहून त्यांचे निरीक्षण केले. त्यांना आढळले, की माणसे बेदरकार नव्हती. त्यांचा डोळा त्यांना फसवीत होता. मोठी वस्तू डोळ्याला सावकाश येताना दिसते. आकाशातले विमान पाहा, रांगत असल्यासारखे वाटते. म्हणून त्यांनी काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी एकेक पिवळा पट्टा गिळत येताना दिसली की तिचा खरा वेग डोळ्याला कळतो. शिट्टीही एक लांबलचक न वाजवता तुटक दोनदा वाजवायला सांगितली. मधल्या शांततेने कान टवकारतात. आणि 'ओलांडू नका' अशा पाटीऐवजी, गाडी अंगावर येताना किंचाळणाऱ्या माणसाचा चेहरा लावला. त्या जागी अपघात बरेच कमी झाले. रंगाचे डबे आणि थोडी बुद्धी, एवढाच खर्च. मला स्वतःला तो चेहरा आवडत नाही, लहान मुले दचकतात. पण पिवळे पट्टे मात्र मी प्रत्येक शाळेच्या फळ्यावर काढून दाखवतो.

या डोळ्याच्या फसवणुकीचा उभा भाऊ म्हणजे उभी मालगाडी. एका स्टेशनात एक म्हातारी डब्याखाली वाकलेली मी पाहिली. मी ओरडलो, तेव्हा म्हणाली, "अरे बापा, गाडी तं उभी हाय ना, खालून गेलं तं काय होते?" तिला हाताला धरून मी दाखवले: इंजिन अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे, चालकाला आपण दिसत नाही, डबे एकमेकांत सैल जोडलेले, त्यामुळे इंजिनाने ओढ घेतली की धक्का एकेका डब्याने मागे येतो, आणि आपल्या डोक्यावरचा डबा अचानक हलतो. म्हातारीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मंग त्याइनं हे लिहून कावून ठेवलं नाही?" ती निरक्षर होती, हे ती विसरली, पण तिचा प्रश्न मी विसरलो नाही.

एक प्रसंग सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. एका तालुक्याच्या गावी सकाळी शाळेत भाषण देऊन मी स्टेशनवर आलो. माझी गाडी पलीकडच्या फलाटाला लागत होती, पूल पार त्या टोकाला, आणि हातात चित्रांचे जड खोके. मी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि उतरलो. पलीकडे फलाट चढताना पाय घसरला, तेव्हा वरून एका पोराने हात दिला. सकाळी पहिल्या बाकावर बसलेला होता तो. "सर, सांभाळून," एवढेच म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवशी गाडीत मला कुठे पाहावे ते कळेना.

तेव्हापासून कोणत्याही गावी बोलण्यापूर्वी मी आधी रुळाकाठची पायवाट शोधतो. कुंपणाला भोक कुठे आहे, ते कोणी पाडले, पलीकडे काय आहे? बहुधा पाण्याचा नळ असतो, शाळा असते, नाही तर शेत. लोक मूर्ख आहेत म्हणून तिथून जात नाहीत; पूल अर्धा कोस दूर आहे म्हणून जातात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ साली दाखवून दिले, की रूळ ओलांडताना वगैरे देशात वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसे मरतात, त्यांपैकी सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या लोकल मार्गांवर; आणि सुसंस्कृत समाजाने असा संहार चालू देऊ नये, असे त्या समितीने स्पष्ट बजावले. मुंबईचा हा आकडा पुढे पूल, भिंती आणि सरकते जिने झाल्यावर उतरला, तरी २०२३ आणि २०२४ मध्येही तो वर्षाला अडीच हजारांच्या आसपास होता. म्हणजे दिवसाला सहा-सात घरे. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९७२ साली 'ऑपरेशन लाइफसेव्हर' ही अशीच प्रचाराची चळवळ निघाली, तिनेही शिक्षणाबरोबर कायद्याची अंमलबजावणी आणि बांधकाम यांची सांगड घातली होती. मी प्रचारक आहे, तरी माझे भाषण हे पुलाला पर्याय आहे असे कोणी म्हणू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि ज्या माणसांपर्यंत कोणतेच भाषण पोचले नव्हते, त्यांची गोष्ट आपल्याला फार दूरची नाही. ८ मे २०२०. टाळेबंदीत जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. गाड्या बंद आहेत, असे त्यांना वाटले. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या चालू होत्या. पहाटे सोळा जण गेले. पुढे २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ, डब्यात आग लागल्याची आवई उठली म्हणून पुष्पक एक्स्प्रेसमधले लोक साखळी ओढून शेजारच्या रुळावर उतरले, आणि तिथून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसे गेली. आग लागलीच नव्हती.

या दोन गोष्टी मी मुलांपुढे सांगत नाही. तुमच्यापुढे सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाचा मुलगा पुण्याला आहे, कोणाचा भाऊ मुंबईला, कोणाची लेक सुरतेला दिली आहे. आज रात्री फोन कराल तेव्हा इतकेच विचारा, की कामावर जाताना रूळ आडवा येतो का, आणि पूल कुठे आहे. गाडी मध्येच थांबली तर आतच बसा, उतरावेच लागले तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूला उतरा, आणि मदत हवी तर १३९ लावा, हेही सांगा. सेल्फी काढायला मालडब्यावर चढणारी पोरे आपल्यातही आहेत. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि ती जवळ गेल्यानेही ओढते, हात लागावा लागत नाही.

माझा वेळ संपला, असे अध्यक्षांच्या घड्याळाकडे पाहून वाटते. आता तुम्ही विचारा. गेटमनविषयीच्या तक्रारी असतील तर त्या आधी येऊ द्या. मागे बसलेल्या त्या ट्रॅक्टरवाल्या मंडळींच्या चेहऱ्यावरून पुष्कळ दिसताहेत.