एक आकडा, तीन साक्षी



आज मी एका तांबड्या आकड्याची गोष्ट सांगणार आहे. फेसबुकच्या पानावर माथ्याशी हा आकडा दिसे; न वाचलेले निरोप किती, ते तो सांगे. माणूस तेथे '१' पाहून उत्सुकतेने निरोप उघडून पाही, तर आत नवे काहीच नसे. अभियंते दोष काढीत. काही दिवसांनी तो पुन्हा उगवे. कंपनीच्याच लोकांनी २०१४ साली ही हकिगत जाहीर सभेत सांगितली, यात मला त्यांचा मोठेपणा वाटतो. आकडा वारंवार खोटा ठरू लागला की माणूस त्याकडे पाहणेच सोडतो, आणि मग एखाद्या दिवशी आईचा खरा निरोपही तसाच पडून राहतो.

यात कोणा एकाचा हलगर्जीपणा नव्हता. ब्राउझरमधले पान अनेक स्वतंत्र घटकांचे बनते: माथ्यावरचा आकडा, कोपऱ्यातली गप्पांची चौकट, निरोपांची यादी. निरोप आला की चौकटीत ओळ घाला, यादीत भर टाका, आकडा एकाने वाढवा. मात्र माणूस त्याच चौकटीत लिहीत असेल, तर वाढवलेला आकडा परत कमी करा, अशा सूचना लिहिलेल्या. एक सूचना चुकली की तिघांच्या तीन साक्षी!

यावरचा पहिला उपाय साधा आहे. दोन घटकांना जी गोष्ट सामाईक, ती दोघांपैकी कोणीच जवळ बाळगू नये. दोघांच्या वर जो सामाईक घटक असेल त्याकडे ती ठेवावी, व त्याने ती खाली वाटावी. 'न वाचलेले किती' हा आकडा तर साठवूच नये. निरोप साठवावेत आणि आकडा दर वेळी त्यांवरून मोजावा.

परंतु घटकांची उतरंड वाढली म्हणजे ही वाटणी जाचक होते. मधल्या पाचसात घटकांना ज्या वस्तूशी काही कर्तव्य नाही, ती त्यांना नुसती हातोहात पुढे द्यावी लागते. त्यापेक्षा सर्वांचे एकच कोठार बरे. त्या खोट्या आकड्याने पोळलेल्या फेसबुकच्या मंडळींनी फ्लक्स ही रीत काढली होती. २०१५ साली डॅन अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांनी तीच आटोपशीर करून रिडक्स रचले. पेढीवरच्या जुन्या दिवाणजीला ते समजावून सांगावे लागले नसते. खतावणीत तो परभारे रक्कम चढवीत नसे; आधी रोजकीर्दीत नोंद, मग तिच्यावरून खाते. येथेही घटकाने कोठारात हात घालायचा नाही. 'निरोप वाचला' एवढी नोंद धाडायची. जुनी स्थिती आणि ही नोंद यांवरून नवी स्थिती ठरते. जुनीत खाडाखोड होत नाही. म्हणून आकडा चुकलाच, तर नोंदी मागे मागे तपाशीत तो कोठे बिघडला ते सापडते. रात्री दोन वाजता दोष शोधीत बसलेल्या माणसालाच या सोयीची किंमत कळते.

पण एखादे औषध गुणकारी निघाले की घरातल्या सगळ्यांना ते पाजण्याची आपल्याला हौस असते, तसे येथेही झाले. कोणती यादी उलगडली, शोधाच्या रकान्यात कोणी अर्धे नाव टाइप केले, सारे कोठारात! अक्षरागणिक एक नोंद! अखेर रिडक्सवाचूनही पुष्कळांचे भागेल, असे खुद्द अब्रामोव्ह यांनाच २०१६ साली लिहावे लागले. ते अर्धे नाव रकान्यापाशीच राहू द्यावे. उद्या शेजारच्या यादीला ते गाळणीसाठी लागले, तर एक पायरी वर चढवावे; तोवर नको.