आधी सेल लावून बघा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला “तुझ्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं बोल” असं सांगितलं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर बोलू लागले तर जेवणाआधीच निम्मं सभागृह झोपेल. म्हणून मी एका फसलेल्या घरगुती उद्योगाविषयी बोलणार आहे. त्याचा संबंध आपल्या प्रयोगशाळेशी आहे, हे शेवटी कळेल.

माझी आई एकटी राहते. तिला कमी ऐकू येतं. रात्री कानाचं मशीन काढून ठेवलं की दाराची बेल तिला अजिबात ऐकू येत नाही. म्हणून मी तिच्यासाठी एक उपकरण केलं. दाराबाहेर बटण, आत अर्डुइनोचा छोटा बोर्ड. बटण दाबलं की पलंगाशेजारची एलईडीची पट्टी लागते आणि उशीखालची लहानशी मोटर थरथरते. सगळं मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर. माझ्या टेबलावर ते उत्तम चाललं.

आईच्या घरी दोन दुखणी सुरू झाली. कधी कधी बटण दाबल्यावर मोटर क्षणभर थरथरायची आणि सगळं बंद पडायचं. दुसरं दुखणं जास्त वाईट. पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं, तेव्हा सोसायटीचा पंप सुरू होतो. पंप सुरू झाला की आईचा दिवा लागायचा आणि उशी थरथरायची. ती उठून दार उघडायची, बाहेर कोणी नाही. तिसऱ्या पहाटे अंधारात तिचा पाय पायपुसण्यात अडकला. कपाट धरता आलं म्हणून पडली नाही. त्या दिवशी तिने प्लग काढला आणि मला म्हणाली, “राहू दे गं ते. कोणी येणार असेल तर मी दारापाशीच खुर्ची टाकून बसत जाईन.”

हे वाक्य मला फार लागलं.

मग मी काय केलं? मला जे येतं ते. प्रोग्रॅम उघडला. ‘बटण दाबलेलं दिसलं तर २० मिलिसेकंद थांब, पुन्हा बघ, दोन्ही वेळा दाबलेलं असेल तरच खरं मान’ अशी अट घातली. उपयोग झाला नाही. आपली घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन बरोबर २० मिलिसेकंदांचं. मी दोन्ही वेळा लाटेच्या त्याच टप्प्यावर बघत होते, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं. वेळ वाढवून अर्धा सेकंद केली, तर दूधवाल्याने घाईत दाबलेलं बटण उपकरण मोजेना. तीन रविवार असे गेले. मल्टिमीटर लावून पाहिला, तो नेमके ५ व्होल्ट दाखवत होता. त्यामुळे वीजपुरवठा ठीक आहे असं मी धरूनच चालले. पण मल्टिमीटर सावकाश मोजतो. काही मिलिसेकंदांसाठी दाब खाली गेला तर त्याला पत्ताही लागत नाही.

शेवटी मी प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची ठरवली.

पहिली गोष्ट, बोर्ड सुरू होताना छोटा दिवा तीनदा लुकलुकेल असं केलं. त्यामुळे दोन्ही दुखणी वेगळी झाली. मोटर बंद पडायची तेव्हा दिवा लुकलुकायचा, म्हणजे बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. पंपाच्या वेळी लुकलुकत नव्हता, म्हणजे बोर्डाला खरंच बटण दाबल्यासारखं वाटत होतं.

दुसरी गोष्ट, बोर्डाला चार रिचार्जेबल सेल लावले, ४.८ व्होल्ट. मोटर आणि पट्टी चार्जरवरच ठेवली. बोर्डाचं बंद पडणं थांबलं. दोष पुरवठ्यात होता. चार्जरची केबल लांब आणि बारीक होती. जाता-येता मिळून तिचा रोध एक ओहम धरा. मोटर आणि पट्टी एकदम सुरू होताना दीड अँपिअर ओढत असतील, तर दीड व्होल्ट केबलमध्येच गेला. बोर्डाच्या वाट्याला ५ चे साडेतीन उरले.

तिसरी गोष्ट, दारापर्यंत जाणारी आठ मीटरची वायर बोर्डापासून सोडवली आणि तिथे वीतभर वायरीचं बटण लावलं. मग वॉचमनकाकांना विनंती करून भर दुपारी पंप पाच वेळा चालू-बंद करायला लावला. दिवा एकदाही लागला नाही. दुसरा दोष त्या लांब वायरीत होता. जिन्यात पंपाची २३० व्होल्टची वायर ज्या पट्टीतून जाते, त्याच पट्टीतून मी बटणाची वायर नेली होती. माझी वायर अँटेना झाली होती!

उपाय शंभर-दीडशे रुपयांत झाले. केबल जाड आणि आखूड घेतली. मोटर आणि पट्टीच्या दोन्ही वायरी बोर्डावरून न नेता थेट पुरवठ्याच्या टोकाला जोडल्या. तिथे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मोटरवर उलटा डायोड, आणि चिपच्या पायांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला. बटणाची वायर पीळ घालून वेगळ्या वाटेने नेली आणि चिपमधल्या २०-५० किलोओहमच्या पुल-अपऐवजी बाहेरून १ किलोओहमचा रोध दिला. त्यानंतर पंप सुरू झाल्यावर उशी थरथरलेली नाही. अर्ध्या सेकंदाची अटही काढून टाकली.

आता प्रयोगशाळा. नववीच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या गटाचा रेडिओ आठवतो? एलिमिनेटर लावला की स्टेशनपेक्षा घूंऽऽ असा आवाजच मोठा. आम्ही कॉइल पुन्हा गुंडाळली, ट्रान्झिस्टर बदलला, एकमेकांशी भांडलो. सर आले, काही न बोलता एलिमिनेटर काढला आणि सेल लावले. आवाज गेला. सर म्हणाले, “आता रेडिओला दोष देऊ नका.” एलिमिनेटरमध्ये मोठा कपॅसिटर घातला आणि आपण प्रदर्शनाला बसलो.

इंजिनिअरिंगची पदवी, वीस वर्षांची नोकरी आणि तीन रविवार खर्च करून मी तिथेच परत आले. दोष जिथे दिसतो तिथे असतोच असं नाही, आणि आपल्याला जे दुरुस्त करता येतं त्यातच तो असावा असं आपल्याला उगाच वाटतं. जे ठीकच आहे म्हणून आपण कधी तपासत नाही, ते आधी तपासावं.

आपल्यापैकी कुणी मुलांबरोबर असे उद्योग करत असेल, तर एवढंच करा: आधी सेल लावून बघा, मग एकेक वायर सोडवत जा. आणि चार्जर मात्र उघडू नका, आत २३० व्होल्ट असतात.

आईची खुर्ची आता पुन्हा खिडकीपाशी आहे. आज शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी सेलचे दहा होल्डर आणि कपॅसिटरचा एक डबा आणला आहे. सर, तो आपल्या हातून मुलांना द्यावा, ही विनंती.